होक्काइदोची आबोली

लिहा, मी मूळची इब्रामपूरची, गोव्यात पेडण्यातली. घरात आमची बोली, शाळेत मराठी, आणि गोवा राज्य झालं तेव्हा मास्तरांनी खडीसाखर वाटली तेवढं आठवतं. माझा घोव कोल्हापूरकडचा, पुण्याच्या रेसकोर्सवर सकाळी सरावाला घोडे पळवायचा. स्थळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, घोड्यांच्या जुगाऱ्याक मी माझा चेडू देवचंय नाय. तर हे म्हणाले, मामा, पैसं लावणारी येगळी, म्या घोड्याचं काम करतो. बाबांना ते पटलं, आणि झालं लग्न.

पुण्यात मी एकदाच शर्यत बघितली. बुकींभोवती रेटारेटी, आणि घोडा हरला की त्याला शिव्या. मग हे आखातात गेले, तिथं वाळूवर पळायचे घोडे, आणि मग जपानला, होक्काइदोत. लेक नर्सिंगला लागली तशी मीही गेले. काय सांगू तुम्हाला, माणसं कमी आणि घोडे जास्त. बर्फ तर असं की खोलीचं जानेल, खिडकी हो, उघडवत नाही. पाव मिळतो, पण गोडमिट्ट, आमच्या उंड्याची चव नाही. हे होते त्याच घोड्यांच्या फार्मवर मला तबेले झाडायचं काम मिळालं. म्हशीची सवय होती हो, घोड्याची भीतीच वाटायची.

तिथं एक तांबूस घोडी होती. कागदावर तिचं लांबलचक जपानी नाव, मी आपलं आबोली म्हणायचे, रंगच तसा. हे तिला चढावाच्या वाटेवर पळवायचे. म्हणायचे, अगं, बाकीच्या देशांत पयल्या उडीचा येग बघत्यात, हितं शेवटपतोर दम टिकतोय का ते बघत्यात. दम होता तिच्यात. पण शर्यत सुटते ते लोखंडी फाटक असतं ना, त्यात ती पाऊल टाकीना. तिथं आधी त्या फाटकाची परीक्षा होते, पास झाल्याशिवाय पळायला देत नाहीत. आबोली दोनदा नापास होऊन फार्मवर परत आली. फार्मचे म्हातारे मालक म्हणाले, आता एकदाच पाठवीन, नाहीतर राहू दे.

हे वैतागले. मी म्हटलं, पुढून मी जाते, बघूया येते काय. मागं न बघता चालायला लागले, मागून टापा वाजत होत्या. रोज सकाळी मी त्या अरुंद फाटकातून चालायचे आणि म्हणायचे, ये गो बाय, ये, कायएक होवचा नाय. पहिल्यांदा तोंडच आत घातलं, मग पुढचे पाय, आणि एक दिवस सगळी आत येऊन माझ्या खांद्यावर फुर्र केलं तिनं. मी तिथंच रडले. परीक्षेला पाठवली आणि फोन आला, पास!

तिच्या शर्यतीला मालकांनी आम्हालाही नेलं. मी काठापदराची साडी नेसले, ह्यांनी कोट घातला. आणि काय बघते, जत्रेसारखी माणसं, आज्या, तान्ही पोरं, डबे उघडून बसलेली. हरणाऱ्या घोड्यांच्याही नावाचे फलक लोकांनी स्वतः शिवून लावलेले. आबोलीला फिरवणारा मोतद्दार चक्क टाय लावून! बाजा वाजला तसे सगळ्यांनी तालात टाळ्या धरल्या. आबोली गुमान फाटकात शिरली. सुटले, आणि ही मागं, पार मागं. हे माझा हात आवळून म्हणतात, थांब, दम हाय तिच्यात. आणि शेवटच्या वळणावर जी सुटली ती, एकेकाला टाकत, टाकत, पहिली आली! मी अशी ओरडले की पुढची जपानी आजी वळून मला मिठीच मारून गेली.

जिंकल्यावर फोटो काढतात तिथं, घोड्याच्या लगामाची लांब दोरी सगळे मिळून धरतात. आम्ही कडेला उभे. मालक आले, वाकले, आणि माझ्या हातात दोरी दिली. तबेले झाडणारी मी, मालकाच्या शेजारी, काठापदराच्या साडीत.

आता आबोली पळत नाही, गाभण आहे. मी महिनाभर घरी आलेय, वेळ भरायच्या आत परत जाणार. सुखरूप सुटू दे तिला, आणि तुमच्या घरातही सगळी बरी असू देत. तुमचं लिहून झालं मां? उठा तर, पेज वाढलीय, निवेल.