विमानाला नऊच तास लागतात!

...नऊ तास म्हणे! अहो, जावई फोनवर असं सांगत होता, जसं काही कोपऱ्यावरून साखर आणायचीय! "बाबा, तिकडे बसलात की इकडे उतरलात, विमानाला नऊच तास लागतात!" तुम्हीही याच विमानाची वाट बघताय ना? मग ऐकाच. वेळ भरपूर आहे, विमान उशिरा आहे!

तुम्हाला सांगतो, मी बस चालवतो. अंतर म्हणजे काय ते मला शिकवू नका. पण दीड वर्षाची नात फोनमधून "आबा" म्हणाली आणि मी विरघळलो. लेकीकडची सकाळ म्हणजे आमची झोपायची वेळ, तरी त्या एका फोनसाठी मी रोज डोळे ताणून जागायचो. म्हटलं, एकदा मांडीवर बसवून ऐकायचं. रजा किती मिळाली? प्रवास सोडून चार दिवस! असो, विमानाला नऊच तास लागतात...

आणि घरातून निघालो कधी? आदल्या दिवशी! बॅग भरली, वजन केलं, जास्त भरलं, मग माझे शर्ट बाहेर, हिचे डबे आत! विमानतळावर रांग, तिच्यापुढे रांग, पट्टा काढा, बूट काढा... अहो, लेकीकडे निघालोय, तुरुंगात नाही! आणि हे सगळं त्या नऊ तासांत धरत नाहीत बरं का!

विमानात समोर नकाशा, त्यावर बोटभर विमान. मी टक लावून बघतोय, ते ढिम्म हलत नाही! जरा हादरलं की माझा उजवा पाय ब्रेकवर. पुढची बाई वळून म्हणाली, "काका, लाथा मारू नका!" आता तिला काय सांगू, तुमचा जीव वाचवतोय म्हणून?

उतरलो. जावई म्हणाला, "आई, घड्याळ इथल्या वेळेला लावून घ्या." इथेच माशी शिंकली! आमच्या हिनं मनगट मागे घेतलं. "मुळीच नाही! गोळ्या, जेवण, झोप, सगळं घरच्या वेळेला. चार दिवसांसाठी काटे कशाला फिरवायचे?" मी हो म्हणालो. लग्न झाल्यापासून तेच म्हणतोय.

झालं! नात उठून दुडूदुडू धावते तेव्हा आम्ही दोघं... घुर्रर्र! आम्ही उठतो तेव्हा लेक दुपारच्या पाळीला, पोर पाळणाघरात. येते ती खांद्यावर झोपूनच! आणि मीही शहाणा, म्हटलं, आता जागायचं कशाला, पोर घरातच आहे की!

लेक म्हणाली, "बाबा, ती तुमच्या उशाशी आबा आबा करत होती." अगं, मग उठवायचं नाही का? "उठवलं की! तुम्ही विचारलंत, डेपो आला का?"

चार दिवस, चारही सकाळी, हेच! नुसती झोपलेली नात बघितली हो, आणि आता हे परतीचं विमान! जीव तुटतो...

थांबा, फोन वाजतोय. लेकच आहे... अरे! उठली का माझी चिमणी? बघा, बघा, केस कसे उभे राहिलेत! "आबा! आबा, ये!"

ऐकलंत? आणि आमची ही घड्याळ बघून म्हणते काय, "बघा, फोन कसा रोजच्या वेळेला आला!"

म्हटलं, येतो हं बाळे... विमानाला नऊच तास लागतात.