रोजचा फोन

डोळ्यांत थेंब घालून तिला दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, त्यामुळे शेजारी बसलेले भाऊबहीण तिला फक्त ऐकू येत होते.

"दादा, कालपासून तोंड पाडून बसलायस. ऑफिसात काही झालं का?"

"नाही गं. गोदामाला ऑर्डरी पाठवायची पद्धत मी बदलली होती ना, तेच डोक्यात आहे."

"जुनीत काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही. कॉम्प्युटरवरून कुलूपबंदच जायची फाइल. पण त्यांच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि मिळाली का, ते फोनवर कळायचं. नवीत त्यांचं मशीनच सही-शिक्क्यानिशी पोच पाठवतं."

"मग नवीच बरी की."

"मीही तेच लिहून दिलं साहेबांना. फायद्यांत पहिलाच मुद्दा, रोजचा फोन वाचेल."

"कोणाचा फोन?"

"गोदामातल्या काकांचा. 'आली बरं का तुमची ऑर्डर' म्हणायचे, मग गुडघे, मग नातीची शाळा. माझी कामं खोळंबायची. कधी एकदा ठेवतायत असं व्हायचं मला."

"आठवण येतेय तर तूच कर की त्यांना एखादा फोन."

"केला काल. दुसऱ्याच कोणीतरी उचलला. काका गेले म्हणाला."

"अरे देवा. कधी?"

"वर्ष होत आलं."

"वर्ष? आणि तुला पत्ताच नाही?"

"कसा लागणार? पोच रोज येत होती."