राहीची माळ आणि बारा दिवस

"हॅलो?... कोण, राही? अगं, सकाळपासून तीनदा फोन लावला. आई म्हणाली, पडवीत झोपलीय... अजून झोपच येते?... आणि डोळे?... हं."

शहापूरच्या त्या लहानशा लॅबमध्ये नम्रताने रिसीव्हर मानेत धरला आणि दार लोटून घेतलं. राही तिची शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर मुरबाडकडचं सासर सोडून ती शेणव्याला परत आली होती, आणि कावीळ झाल्यापासून तिथेच नम्रताच्या आईकडे राहत होती. तिला एचआयव्ही आहे, हे गावात फक्त नम्रताला ठाऊक होतं.

"आई कुठंय?... अंगणात? मग तू नुसतं हो-नाय म्हण. तुझा रिपोर्ट आलाय... नाय गो, ते जुनं ते जुनंच. हे दुसरं. हेपटायटिस बी. तुझी कावीळ त्याची... हो, तोही विषाणूच... हसतेस काय? एका घरात दोन पाव्हणे, खरंच हसण्यासारखंय... बरं, ऐक. त्या जुन्याच्या ठाण्याच्या गोळ्या चालू आहेत ना?... राही?... कधीपासून नाय?... बारा दिवस!"

आता नम्रताच्या ध्यानात आलं. तिची स्वतःची आई, कमळ, गावात काविळीची माळ द्यायची. कसल्याशा वेलीच्या बारीक कांड्यांची ती माळ डोक्यावर ठेवली की दिवसागणिक लांबत खाली यायची. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. तोवर तेल नाही, हळद नाही आणि दुसरं कुठलंही औषध नाही. राहीने पथ्य अगदी मनापासून पाळलं होतं.

"चिडले नाय गो. ऐक ना... माळ कुठवर आली?... छातीपर्यंत. छान... तुला आठवतं, भात पोटरीला आलं की तुझे बाबा मचाणावर राखणीला बसायचे? आपण खाली पेंढ्यात झोपायचो... हां, तेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे ते राखणदार. एचआयव्हीने त्यांनाच संपवत आणलेलं. उरलेले थकून, डोळे उघडे ठेवून झोपलेले. शेतात डुक्कर शिरलं तरी कोण ओरडत नव्हतं... तेच डुक्कर म्हणजे हा दुसरा विषाणू. तुझ्या यकृतात केव्हाचा बसलाय."

बोलता बोलता तिचा आवाज संथ झाला. काचेच्या पट्टीवरच्या जांभळ्या पेशी तिला दिसत होत्या. आणि त्यांच्यामागे धुक्यात बुडालेली खाचरं, त्यांतून तरंगत आल्यासारखी मचाणं, कुणीतरी लांबून घातलेली साद.

"...झोपलीस? ऐकतेस ना?... तर दोन महिन्यांपूर्वी तू गोळ्या सुरू केल्यास. राखणदार जागे झाले. उठले ते काठ्या घेऊन डुकरामागे धावले नि भातच तुडवलं. तुझी कावीळ बहुतेक तशी आली. पण त्या गोळीतलं एक औषध डुकरालाही बांधून ठेवत होतं, कळलं? तू गोळ्या सोडल्यास, दावं सुटलं... नाय! आता आपल्या मनाने चालू पण नको करू. डॉक्टर बघतील कुठलं द्यायचं ते. पण आजच ये इकडे शहापूरला. यकृत थांबत नाय कोणासाठी... माळ नको काढू. घालूनच ये... पथ्य मोडेल? मग आईला दे फोन. दे म्हणते ना."

खडखड. कोंबड्यांचा कलकलाट. मग आईचा श्वास.

"आई, राहीची माळ राहू दे. दुसरं औषध नको, हे पथ्य तेवढं सोड म्हण... तुझ्या माळेला मी काय बोलले?... शिकले म्हणून शहाणपणा नाय करत गो... कसल्या गोळ्या ते नाय सांगणार... नाय म्हणजे नाय... आई, त्या वेलीचं नाव मला कधी सांगितलंस? पोटची पोरगी मी. किती मागे लागायचे... का नाय सांगितलंस?... हां. नाव फोडलं की गुण जातो. मग हे पण तसंच आहे म्हण. मी नाव फोडलं तर हिचं पण जाईल काहीतरी. परत नाय यायचं."

पलीकडे आई कोंबड्या हाकलत राहिली. नम्रताने डोळे मिटले. तिला आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू आला, दूरच्या ओढ्यासारखा.

"आई?... आज?... दुपारच्या गाडीने?... तू पण येतेस? तुला गाडी लागते ना... बरं, बरं. तिच्या गोळ्यांची पिशवी घ्या, आहे तशी... उघडू नको... हो, माहितीय नाय उघडणार... आणि स्टँडवर कोणी विचारलं तर?... काय सांगशील?... कोणाला झाली कावीळ?... मला?"

तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले.

"...नम्रताला माळ घालायला चाललेय, राही सोबतीला... चालेल गो आई. सांग ना. सगळ्या गावाला सांग, मी पिवळी पडलेय म्हणून... हॅलो?... हॅलो?..."