माशांचं पाणी

आमच्या शाहूपुरीतल्या संज्याचं डोकं कसं फिरलंय, सांगतो. गड्यानं हॉलमध्ये समुद्राची टाकी केलीया, आत रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ. त्यासाठी स्वयंपाकघरात झकास आरओ बसवलाय. पण घरातल्यांनी त्याला हात लावायचा न्हाय. त्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं आणि टाकीत घालायचं. घरची माणसं पितात नळाचं.

परवा त्याच्या बहिणीला बघायला जयसिंगपूरचं पावणं आलतं. मीबी होतो तिथं. रीतीप्रमाणं आधी तांब्या-फुलपात्र आलं. मुलाचे वडील पाणी पीत पीत टाकीकडं बघून म्हणाले, "झ्याक हाय की! ह्यात पाणी कुठलं घालता, नळाचं?"

संज्या दचकलाच. "छ्या छ्या, पावणं! नळाचं घातलं तर एक जीव राहायचा न्हाय. क्लोरीन काय, तांबं काय, न्हाय न्हाय ते असतंय त्यात. ह्यांना आरओचंच लागतंय."

पावण्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "मग आम्ही आत्ता प्यालो ते?"

"ते नळाचं की."

संज्याच्या आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेली सोयरीक. पण पावणं हसलं. म्हणालं, "पोरगी पसंत हाय. हुंडा नको, मानपान नको. फक्त आमचा पोरगा सासरवाडीला आला, की त्याला माशांचं ते आरओचं पाणी द्यायचं."

संज्यानं टाकीकडं बघितलं, आरओकडं बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "पावणं, त्यापेक्षा सोनं मागा की."