गुडघ्यांनी लपवलेला दम

अरे, ‘आता तब्येत बरी आहे’ असं कोणी म्हनलं का माह्या काळजात धस्स होते. काऊन ते ऐका.

आमच्या बाबाले फुफ्फुसाचा जुना आजार. परवा त्याइले आर्वीले तपासाले नेलं. डॉक्टरनं विचारलं, “काका, चालताना दम लागतो का?”

“बिलकुल नाई,” बाबा म्हनले. “मागच्या साली लागे.”

डॉक्टर खूश. औषध कमी करू म्हनत होते, तेवढ्यात आई बोलली, “डॉक्टरसायेब, हे चालतात कुठं? गुडघे धरले तवापासून वांग्याच्या वावरात पाय नाई ठेवला. दिवसभर बाजेवर बसून राह्यते.”

म्हंजे आजार बरा नव्हता झाला. दम लागेपर्यंत गुडघे त्याइले चालूच देत नव्हते!

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. चालवून पाहावं तं पुन्हा गुडघेच आडवे येणार. मंग म्हनले, “काका, खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला बांधून दाखवा बरं.”

बाबा हासले. “हे काय तपासनं झालं? जनमभर बांधून राह्यलो.”

पहिला फेरा झोकात घेतला. दुसऱ्या फेऱ्याले तोंड उघडं पडलं, खांदे वरखाली व्हाले लागले अन् दोन्ही हात मांडीवर येऊन पडले. दुपट्टा डोळ्यावर सरकला, तो वर कराले बी हात उठेना.

आईनं उठून तो नीट बांधला. मंग हळूच म्हनली, “घरी बी मीच बांधून देते, सायेब. मले वाटे, लाड करून घेऊन राह्यले.”