पहिलीचा टाक

ठकुबाई : मग? केसाला धरलं तिला, पुढं?

मेघाली : आई, श्वास तरी घेऊ द्या. आत्ता तर जीपमधून उतरले.

ठकुबाई : घे. घेतलास? आता सांग. नारळ त्याच्या हातात, तिचे केस त्याच्या मुठीत, न् तेवढ्यात आमची लाईट गेली. राती जेवण न्हाय गेलं मला.

चिंधू : दोन भाकरी गेल्या.

ठकुबाई : गेल्या, पन गोड न्हाय लागल्या. तू बोल गं. तुमच्या भिवंडीत तर लाईट होती ना?

मेघाली : होती. आमची आता दुपारची जाते, लूम बंद असतात तेव्हा. सगळा भाग बघितला मी. सासूबाई पण बसल्या होत्या.

चिंधू : तो मांत्रिक हप्त्याला पाच दिवस भूत धरतो. शनवार-रईवार सुट्टी. साहेबाची नोकरी हाय त्याची.

ठकुबाई : तुमी गप बसा. ती सुनयना पडद्यावर आली का चूल सोडून धावते मी. मान अशी वाकडी करून बघते, हुबेहूब आपली चंद्रा.

चिंधू : चंद्रा कशाला एवढी लाली फासंल ओठाला?

ठकुबाई : मेल्यावर लावत असतील. आपल्याला काय ठाव?

मेघाली : सांगू का मग? त्यानं केस धरले ना, खिडकी उघडीच होती. आधी केस सुटले मुठीतून, मग पदर, मग ती सगळीच. सकाळी शेतावरून धुकं जातं ना, तशी गेली. त्याच्या हातात नुसता नारळ राहिला.

ठकुबाई : बरी खोड मोडली मेल्याची! कुठं गेली?

मेघाली : नदीवर. पाण्यावरून चालत होती, पण पाय भिजत नव्हते. पलीकडे गेल्यावर मागे वळून बघितलं तिनं.

ठकुबाई : रडत होती?

मेघाली : नाही. हसली.

ठकुबाई : हसली... बरं झालं बाय. हसली ना? आता जेवीन मी पोटभर.

चिंधू : रघूची कमळा तर येगळंच सांगत होती. त्यांचा टीव्ही बॅटरीवर चालतो ना. सकाळी नळावर बोलली, नारळात कोंडली तिला न् दिली नदीत सोडून. बुडली बोलली. तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं पोर लगेच बरं झालं, पाळण्यात हसाया लागलं.

ठकुबाई : काय तरीच. मेघालीनं डोळ्यानं बघितलंय. व्हय ना गं?

मेघाली : आई, पाणी देता का जरा?

ठकुबाई : मेघाली?

चिंधू : मी शेळीला पाला टाकून येतो. न् चारची जीप हाय, फाट्यावर थांबवून ठेवतो. दोन जिवांची बाय, अंधाराच्या आत घरी गेलेली बरी.

ठकुबाई : गेले. आता बोल. मला कशाला फसवलंस?

मेघाली : तुमचा चेहरा बघून खरं सांगवेना, आई. कमळावहिनी खरं बोलल्या. नारळात कोंडली आणि सोडली. आणि ते बघून आमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हे आपण कधीच करायला पाहिजे होतं.

ठकुबाई : काय करायला पाहिजे होतं?

मेघाली : गेल्या वर्षी माझं पोट पडलं ना, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात आहे. म्हणतात, पहिली सुखानं राहू देत नाही. रविवारी वज्रेश्वरीला भगत बोलावलाय. हा तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यातून काढायचा आणि तानसा नदीत सोडायचा.

ठकुबाई : चंद्राचा टाक?

मेघाली : हो.

ठकुबाई : लग्नात तुज्या सासूनंच घातला ना तुज्या गळ्यात? पहिलीचा मान हाय, दुसरीनं जपायचा, पहिला घास तिला दाखवायचा, कोण बोललं होतं? मी होते तिथं. लेक जाऊन वरीस न्हाय झालं तवा, न् मी जावयाच्या दुसऱ्या लग्नाला जेवले. का जेवले? बोलले, गळ्यात तरी राहील पोर माजी.

मेघाली : मला माहिती आहे, आई.

ठकुबाई : माजी लेक काय भूत हाय, नारळात कोंडाया?

मेघाली : मी तसं म्हणाले का कधी? चंद्राताईची मला भीती नाही वाटत. पोटाची वाटते. पाचवा लागलाय, गेल्या वेळेला पाचव्यातच गेलं. काही झालं तर सासूबाई म्हणणार, सांगितलं होतं, ऐकलं नाहीस. आणि मीच स्वतःला काय सांगू तेव्हा? पण पहिलीच्या माहेरच्या होकाराशिवाय टाक सोडत नाहीत. म्हणून आले.

ठकुबाई : म्हंजी माजा होकार न्यायला आलीस.

मेघाली : हो. नाही म्हणालात तर नाही सोडणार. काय व्हायचं ते होऊ दे.

ठकुबाई : असं अभद्र बोलू नको... वाल घे ते जवळ, सोल जरा. हात रिकामे ठेवू नको.

मेघाली : द्या.

ठकुबाई : सोड जा. होकार हाय माजा.

मेघाली : आई—

ठकुबाई : तुजं पोट पयलं. गेलेल्यापायी असलेलं घालवायचं न्हाय. पन एक सांग. खरं सांग, मघासारखं रचून नको. ती येते का तुज्या सपनात?

मेघाली : येते. पाचसहा वेळा आली असेल.

ठकुबाई : पाचसहा वेळा! न् मला एकदा न्हाय. मी रोज उशाला पाण्याचा तांब्या ठेवून झोपते, तहानली तर येईल. आईच्या सपनात पाय ठेवत न्हाय न् सवतीच्या येते. बघ कसं हाय. कशी दिसते?

मेघाली : तोंड नाही दिसत. घर आमचं असतं पण अंगण हे, तुमचं. लूमचा आवाज एकदम बंद. इतकं शांत की मलाच कळतं, हे स्वप्न आहे. ती त्या पायरीवर बसलेली असते, पाठमोरी. मी मागे बसून तिचे केस विंचरते. खूप लांब आहेत, संपतच नाहीत. मी बोलावते, चंद्राताई, आत चला. ती उठत नाही. मांडीवर पिशवी असते तिच्या.

ठकुबाई : पिशवी?

मेघाली : कापडी. दोन्ही हातांनी धरलेली. कोणी न्यायला येणार असल्यासारखी.

ठकुबाई : ह्याच पायरीवर?

मेघाली : आई? काय झालं? मी नव्हतं सांगायला पाहिजे.

ठकुबाई : मीच बसवली होती तिला तिथं. त्या पायरीवर. कावीळ होती तिला, डोळे हळदीसारखे. बोलली, आई, बरं वाटेपर्यंत राहते. चार दिस राहिली. पाचव्या दिशी मीच पिशवी भरली. बोलले, लोक काय बोलतील, सासरची मानसं काय बोलतील, दिल्या घरी दुखनं काढ. जीप येईपर्यंत बसली होती तशीच. पंधरा दिसांनी निरोपच आला. ह्यांना अजून वाटतं, ती आपल्या मनानं गेली. कुनाला न्हाय सांगितलं मी. म्हणून न्हाय येत ती माज्याकडं. कशी येईल?

मेघाली : रडा. रडून घ्या जरा.

ठकुबाई : त्या शिरेलमधल्या बाईला कुनी तरी घरात घ्यावं म्हणून बघते मी रोज. घेतच न्हाईत मेले.

मेघाली : आई, ऐका. नदीत नाही सोडायचा हा.

ठकुबाई : मंग काय करशील? सासूला काय सांगशील?

मेघाली : सांगेन, तिच्या माहेरी ठेवून आले. माहेरी गेलेल्या बाईला कोण बोल लावतं? माझ्या गळ्यातून निघाला, त्यांचं समाधान झालं. भगताला सांगा म्हणावं, रविवारी नाही आलास तरी चालेल. हे ऐकतील माझं. काल रात्री टाक हातात घेऊन बसले होते.

ठकुबाई : जावई?

मेघाली : हो. हा हात पुढे करा.

(मेघाली गळ्यातला काळा दोरा सोडून चांदीचा टाक ठकुबाईच्या तळहातावर ठेवते.)

ठकुबाई : नखाएवढा हाय गं.

मेघाली : गरम आहे ना? माझ्या अंगाचा आहे. होईल थोड्या वेळात गार.

ठकुबाई : होऊ दे गार. मुठीत धरते... किती दिस ठेवू हिला? तुजं बाळंतपण होईस्तोवर?

मेघाली : मी कोण सांगणार? तुमची लेक आहे.

चिंधू : अगं, चला चला! डायवर हारन मारून ऱ्हायलाय. न् ही का रडते? शिरेल एवढी वाईट झाली व्हय? ऊठ बाय मेघाली, पिशवी दे इकडं.

ठकुबाई : जा तिला सोडून या फाट्यावर. चंद्रा राहतेय.