बाळाच्या लसी

दवाखान्यात लस टोचायच्या रांगेत, माझ्या मागच्या बाकावर बंगळुरूकडच्या, बनशंकरीच्या एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी नागपूरच्या एक बाई.

“अक्का, तुमचं बाळ कुठं?”

“हा काय, मास्क लावून बसला तो. सुमेध.”

“अय्यो, हा तर मिशा फुटायच्या वयाचा!”

“सिकलसेल होता न त्याला, आजी, रक्ताचा आजार. मागच्या वर्षी याच्या बहिणीचा बोन मॅरो दिला. जुनं रक्त गेलं, अन् त्याच्यासंग लहानपणीच्या लसींचा जोरही गेला. आता साऱ्या पुन्हा टोचायच्या.”

“बहीण बरी आहे?”

“मजेत आहे. म्हणते, आता हाही माझ्यासारखा भांडकुदळ होईल.”

“आणि हा? सगळं सरी, ठीक आहे की नाही?”

“मॅरोनं मूळ धरलं म्हणतात डॉक्टर. पण माझी धास्ती जात नाही. आधी दुखणं उठलं की पाय, पाठ, छाती, सारंच दुखे. उशी दातात धरून रडे. मागची लस घेऊन घरी आलो, अन् यानं आतून हाक मारली. मी हातातलं टाकून धावली.”

“देवा! मग?”

“म्हणे, आई, हात दुखते.”

“आणि?”

“अन् काही नाही, आजी. नुसता हातच दुखत होता.”